दादींचे स्तवन आणि सेलमधला वाद्यवृंद

यावलच्या बाजारपेठेतील एका जुन्या कापडदुकानात दिवाळीला वहीपूजन झाले, चोपडीच्या पहिल्या पानावर दादाजींनी शुभ-लाभ लिहिले आणि ज्ञानपंचमीनंतर दुकान पुन्हा नेहमीच्या चालीला लागले. त्यानंतरच्या आठवड्यात त्याच घरातील नातवाने गेल्या वर्षीच्या एका अर्धकोऱ्या वहीत एक यादी लिहावयास घेतली. व्हायोलिन, चेलो, ओबो, फ्रेंच हॉर्न, टिंपनी. साड्यांच्या गठ्ठ्यांचे आणि उधारीचे हिशेब पाहिलेल्या त्या वहीत ही नावे प्रथमच उमटत होती.

यादीमागे एक कॅसेट होती. अकरा वर्षांपूर्वी दादी गेल्या. त्यांच्या कंठातील एक स्तवन पर्युषणाच्या दिवसांत कुणीतरी घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केले होते. शब्द अनेकांना ठाऊक होते. चाल मात्र दादींची, त्यांच्या माहेरून आलेली, आणि ती जाणणारे दुसरे कोणी आता उरले नव्हते. चार मिनिटांचा तो आवाज नातवाने संगणकावर उतरवून घेतला. भुसावळला वाणिज्य शाखेत शिकत असताना त्याने संगीत जुळवण्याचे थोडेफार ज्ञान संपादन केले होते. दादींच्या स्वराखाली तंतुवाद्यांचा एक संथ प्रवाह असावा आणि येत्या महावीर जन्मकल्याणकाला सारे कुटुंब एकत्र येईल तेव्हा ते स्तवन सर्वांनी ऐकावे, एवढीच त्याची इच्छा होती.

यावलमध्ये साठ वादकांचा वाद्यवृंद कोठून आणावा? २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, हे त्याला ठाऊक होते. ज्याला तिथवर जाता येत नाही त्याच्यासाठी आज सॅम्पल लायब्ररी आहेत. खऱ्या सभागृहात खरे वादक बसवून प्रत्येक वाद्याचा एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात. लांबवलेला, तुटक, बोटाने छेडलेला, अशा नाना रीतींनी वाजवून घेतात. तोच स्वर दोन-चार वेळा पुन्हा वाजवतात, म्हणजे यंत्र एकाच ठशाची पुनरावृत्ती करणार नाही. पुढे संगीतकाराने पट्टी दाबली की त्या साठ्यातला योग्य स्वर उमटतो. सिनेसॅम्पल्स या कंपनीने आपले अनेक संग्रह त्याच सोनीच्या सभागृहात मुद्रित केले आहेत.

ही कल्पना नवी नव्हे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबली की तो सुमारे आठ सेकंद वाजून थांबे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील फेअरलाइट यंत्राने हे काम संगणकाकडे सोपवले. पुढे हर्ब टुकमांडल या चेलोवादकाने व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी उभारली आणि स्वरांची भांडारे लाखो नमुन्यांपर्यंत गेली. अर्थात भांडार मोठे झाले की दुकानेही मोठी होतात, आणि दुकाने आली की सेल येतो.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारी अमेरिकेत ब्लॅक फ्रायडे असतो. त्याच्या आगेमागे जगभरातील सॅम्पल लायब्ररी निम्म्या किमतीला मिळू लागतात. नातवाजवळ वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेले पंचवीस हजार रुपये होते. पहिल्याच रात्री त्याच्या कार्टमध्ये नऊ संग्रह जमले. एकात तंतुवाद्ये, दुसऱ्यात पितळी वाद्ये, तिसऱ्यात गायकवृंद, चौथ्यात युद्धपटांना शोभतील असे ढोल. पडद्यावर घड्याळ उलटे चालत होते आणि बेरीज पंचवीस हजारांच्या कितीतरी पुढे गेली होती.

या पेचात पुण्याच्या वसतिगृहातील एक मित्र धावून आला. त्याने एक हार्ड डिस्क पाठवली. नऊच काय, चाळीस संग्रह तिच्यात होते. सारे कुलूप तोडलेले, सारे फुकट. नातवाने ती टेबलावर ठेवली. दादाजी चहाचा पेला घेऊन खोलीत आले तेव्हा त्यांची नजर तिच्यावर गेली.

“हे काय आणलेस, बेटा?”

नातवाने सांगितले. खोटे बोलण्याची त्या घरात रीत नव्हती. दादाजींनी शांतपणे विचारले, “ज्यांनी हे वाजवले, त्यांना याचे पैसे मिळाले?”

“वाजवताना मिळाले असतील, दादाजी. या प्रतीचे नाही मिळाले.”

“मग हा माल कुणी विकला नाही आणि कुणी दिलाही नाही. उचलला गेला.”

दादाजी पुढे काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सामायिक आटोपल्यावर त्यांनी नातवाला जवळ बसवून घेतले. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे, अचौर्याचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. चोराला उत्तेजन देणे हा एक. चोरून आणलेला माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, हा दुसरा. राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, मापात खोट ठेवणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे हे उरलेले तीन. हे पाचही अतिचार पेढीवर बसणाऱ्या माणसाच्या रोजच्या वाटेवरचे आहेत. “ज्याने चोरी केली नाही, त्यालाही यातला दुसरा लागतो,” दादाजी म्हणाले, “आणि तू तर हे दादीच्या स्तवनाखाली घालणार आहेस.”

हार्ड डिस्क त्याच दिवशी कुरियरने परत गेली. मित्र थोडा नाराज झाला. नातवाचाही एक दिवस उदास गेला. कारण चोरीचा मार्ग बंद केला तरी कार्टमधील नऊ संग्रह आणि हातातील पंचवीस हजार यांचा मेळ बसत नव्हता.

मेळ बसवण्याची रीत मात्र घरातच होती. कापड भरावयास सुरतेला जाणारा व्यापारी आधी कपाटे पाहतो, कोणता माल शिल्लक आहे ते टिपतो, गिऱ्हाइक काय मागते ते आठवतो, आणि मगच गाडीत बसतो. नातवाने अर्धकोऱ्या वहीत तीन रकाने आखले. जवळ काय आहे. या एका स्तवनाला काय हवे. आणि पूर्ण खर्च किती.

पहिल्या रकान्यात त्याला वाटले होते त्याहून अधिक निघाले. स्पिटफायर या इंग्लिश कंपनीची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी तीन आकारांत मिळते. सर्वांत मोठी सहाशे जीबीच्या घरात जाते. ‘डिस्कव्हर’ नावाची सर्वांत लहान आवृत्ती दोन-अडीचशे एमबीची. २०२० मध्ये ती निघाली तेव्हा तिची किंमत ४९ पौंड होती. मात्र एक प्रश्नावली भरून चौदा दिवस थांबण्याची तयारी असणाऱ्यास ती विनामूल्य मिळे. ज्याला घाई आहे त्याने पैसे मोजावेत, ज्याला धीर आहे त्याने मोजू नयेत, असा तो सौदा होता. नातवाकडे ती आधीपासून पडून होती आणि त्याने ती जेमतेम दोनदा उघडली होती.

दुसरा रकाना लिहिताना युद्धपटांचे ढोल गेले, पितळी वाद्ये गेली, गायकवृंद गेला. दादींच्या आवाजाला स्पर्धा नको होती. उरली ती मंद तंतुवाद्ये.

तिसरा रकाना सर्वांत शिकवणारा ठरला. सेलच्या पाटीवरील किंमत म्हणजे मालाची पडतळ नव्हे, हे व्यापाऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. त्यावर भाडे, हमाली आणि कर चढतात. येथेही तसेच होते. अनेक लायब्ररी काँटॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतात. त्याचा ‘प्लेअर’ फुकट असला तरी काही संग्रहांना पूर्ण काँटॅक्टच लागते आणि त्याची किंमत सुमारे ३०० डॉलर. ते नसेल तर असा संग्रह पंधरा मिनिटे चालतो आणि गप्प होतो. कार्टमधील सर्वांत स्वस्त दोन संग्रह नेमके याच जातीचे निघाले. मोठ्या संग्रहांना वेगवान एसएसडी आणि भरपूर मेमरी हवी; शंभर-दोनशे जीबी उतरवून घेण्याइतके इंटरनेट हवे; शिवाय कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले की बँकेचे शुल्क वेगळे. त्यातही एकदा घेतलेला हा माल बहुधा परत जात नाही आणि दुसऱ्याला विकताही येत नाही. शिळी झालेली साडी निदान सवलतीत खपते.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकल्यावर कळली. प्रत्येक संग्रहात त्या त्या सभागृहाचा घुमारा मिसळलेला असतो. तीन सभागृहांतील वाद्ये एकत्र आणली की ती एका खोलीत बसल्यासारखी वाटत नाहीत. नवशिक्याने एकाच घरचा लहान संच पूर्ण शिकावा, हे निरनिराळे नऊ तुकडे जमवण्यापेक्षा हिताचे.

सेलच्या शेवटच्या दिवशी कार्टमध्ये एकच संग्रह उरला: तंतुवाद्यांचा एक छोटा संच, फुकट प्लेअरवर चालणारा, साडेसात हजारांच्या आतला. उरलेले आठ काढून टाकताना प्रत्येक वेळी हात अडखळला. न दिसणाऱ्या, कपाटात जागा न व्यापणाऱ्या वस्तूंचाही परिग्रह होतो, आणि परिग्रह वस्तूत नसून तिच्यावरील आसक्तीत असतो, हे प्रवचनात कितीदा ऐकलेले वचन त्या रात्री त्याला प्रथम स्वतःच्या बोटांत जाणवले.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. दादींचा षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी होता. कॅसेटची गती म्हणा किंवा त्यांचा कंठ म्हणा, कोणत्याही पट्टीशी तो जुळेना. दादींचा आवाज ओढून यंत्राला जुळवणे सोपे होते. नातवाने उलट केले; सारा वाद्यवृंद किंचित वर चढवून दादींच्या स्वरावर आणला. तरीही एक उणीव राहिली. दादी एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत आणि पाश्चात्त्य नमुन्यांत तशी मींड नव्हती. जेथे दादी वळत, तेथे व्हायोलिने पायरी उतरल्यासारखी उतरत.

उरलेल्या पैशांतून त्याने भुसावळच्या एका वृद्ध व्हायोलिनवादकाला बोलावले. त्यांनी मागितलेले मानधन घासाघीस न करता दिले. दादाजींनीच तसे बजावले होते. वादकांनी कॅसेट दोनदा ऐकली, डोळे मिटले आणि दादींच्या मागून सावलीसारखी चाल वाजवली. नमुन्यांतील अनेक तंतुवाद्यांवर एक खरे व्हायोलिन ठेवले की सारा समूह जिवंत वाटू लागतो, हे नातवाने वाचले होते. आता त्याने ते ऐकले.

जन्मकल्याणकाच्या संध्याकाळी सारे घर दिवाणखान्यात जमले. स्थानकात स्तवन नुसत्या कंठाने म्हणतात, म्हणून घरी असूनही नातवाने पहिले कडवे वाद्यांविना ठेवले होते. दुसऱ्या कडव्याला चेलोचा एक लांब स्वर आला, तिसऱ्याला व्हायोलिन. शेवटच्या ओळीला त्याने पुन्हा सारे काढून घेतले. कॅसेटची खरखर, दादींचा श्वास आणि शेवटचा शब्द.

दादाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिने शेवटी श्वास घेतला, तो ठेवलास. बरे केलेस.”

मे महिन्यात तोच तंतुवाद्यांचा संच पुन्हा तितक्याच सवलतीत विक्रीस आला. नातवाने ती जाहिरात पाहिली, हसला आणि दुकानाचे शटर उघडावयास खाली गेला. अर्धकोऱ्या वहीत अजून बरीच पाने शिल्लक आहेत. धाकट्या आत्याला दादींची आणखी एक चाल अर्धीमुर्धी आठवते, असे आता कळले आहे. तिला यावलला बोलावून घ्यावयाचे आहे, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागणार नाही.