अडकलेलं काडतूस

राउंड अडकला की नेमबाजाचा हात आपोआप स्लाइडकडे जातो. खटकन मागे ओढायची, अडकलेलं बाहेर पाडायचं आणि पुढची गोळी. मी मुलांना हे करू देत नाही. बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडे आणि डोळे त्या काडतुसावर. ते जिथे आणि जसं थांबलंय, त्यावरूनच कारण कळतं. झटका दिला की ती खूण गेली.

२५ मीटर स्पोर्ट पिस्तुलात तर नियमच थांबवतो. रॅपिड फेरीत टार्गेट ३ सेकंद समोर येतं आणि ७ सेकंद वळतं. त्या ३ सेकंदांत एक गोळी. पिस्तूल अडलं तर ते तसंच धरून मोकळा हात वर करायचा. रेंज ऑफिसरने बघण्याआधी यंत्रणेला हात लावलात, तर बिघाड खरा असूनही ग्राह्य धरत नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात, त्यामुळे तिथल्या मुलींना या प्रकाराचं मोल सांगावं लागत नाही. हत्याराची निगा मात्र सांगावी लागते.

तक्रार नेहमी पिस्तुलाची येते. मी आधी मॅगझिन बघतो. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं रूढ होण्याआधीचं. बुडाला बाहेर आलेली कड, शिशाच्या गोळीवर मेणाचा थर; मॅगझिनला दोन्हींचा जाच. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकतच नाही. गोळीचं नाक खाली रॅम्पवर आपटलेलं दिसलं, तर स्प्रिंग दमलेली असते, नाहीतर आतला फॉलोअर मेणाने चिकटत हळू वर येत असतो. नाक चेंबरच्या वरच्या काठाला टेकलं असेल तर मॅगझिनचे लिप्स फाकलेत असं समजावं. मॅगझिन फरशीवर पडलं की हे होतं. पक्कड घेऊन ते दाबणारे खूप भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. तिथे केसाएवढा फरकही जास्त होतो. महाग पडलं तरी नवं मॅगझिन घ्यावं.

काडतूस सरळ आत जाऊन अगदी शेवटी थांबलं, तर दोष बहुधा चेंबरचा. मेण, काजळी आणि शिसं यांचं कडं तिथे जमतं, आणि लोक रिकॉइल स्प्रिंग बदलत बसतात. ब्रश आणि सॉल्व्हंटने काम भागतं. रिकामी पुंगळी खिडकीत अडकून उभी राहिली तर तो फीडिंगचा प्रश्नच नव्हे. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची घाण काढा, काडतुसांचा लॉट बदलून बघा, आणि मनगट सैल पडतंय का तेही तपासा.

पण हे एका वेळी एकच. स्प्रिंग, लॉट आणि तेल एकदम बदललं तर पिस्तूल कदाचित चालेल. कशामुळे चाललं हे मात्र कळणार नाही, आणि ऐन स्पर्धेत ते पुन्हा अडेल.

म्हणून प्रत्येक मॅगझिनवर रंगाने नंबर घाला. राउंड अडकला की मॅगझिनचा नंबर, काडतुसाचा लॉट आणि ते कुठे थांबलं होतं, एवढं वहीत लिहा. एकच नंबर वारंवार दिसू लागला, तर ते मॅगझिन बाजूला काढा. पिस्तूल माझ्याकडे आणायची गरज नाही.