सागरतीरावरची सायकल आणि तिचा हब

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेस, पॅसिफिक महासागराला खेटून एक सायकलमार्ग जातो. पॅसिफिक पॅलिसेड्सपाशी सुरू होऊन सांता मोनिका, व्हेनिस, रेडोंडो बीच अशी गावे मागे टाकत सुमारे 35 किलोमीटरवर टॉरन्सच्या किनाऱ्याशी तो संपतो. मार्ग बहुतांशी सपाट आहे. एका हाताला वाळू आणि लाटा, दुसऱ्या हाताला घरांची रांग. मोटारीवाचून पान हलत नाही अशा या प्रदेशात मुलांकडे राहावयास आलेले पुण्या-नाशिकचे आईवडील पुष्कळदा घरातच अडकून पडतात. त्यांना हा मार्ग स्वतःच्या पायांचे स्वातंत्र्य परत देतो.

त्यासाठी नवी सायकल घ्यावी लागतेच असे नाही. येथल्या गॅरेजांत जुन्या पोलादी क्रूझर सायकली धूळ खात उभ्या असतात. 1895 साली शिकागोत स्थापन झालेल्या श्विन कंपनीने 1933 साली फुगीर टायरांची सायकल बाजारात आणली. क्रूझर हा तिचाच वंश. रुंद हँडल, ताठ बसता येईल अशी बैठक, त्यामुळे पाठीला वाकावे लागत नाही. सांगाडा शाबूत असतो. थकलेला असतो तो मागच्या चाकाचा हब, म्हणजे बैलगाडीच्या भाषेत तुंबा.

हब बदलताना प्रथम मोजपट्टी घ्यावी. मागच्या चिमट्याच्या दोन टोकांमधले आतले अंतर मोजावे. एकाच वेगाच्या जुन्या क्रूझरमध्ये ते बहुधा 110 मिलिमीटर असते. तीन गिअरच्या हबला 120 च्या आसपास, तर आजच्या अनेक गिअरच्या हबला 130 ते 135 लागते. पोलाद थोडे लवते, त्यामुळे काही मिलिमीटरांचा फरक जाणता कारागीर सामावून घेतो. मात्र 110 चे 135 करू नये. टोके समांतर राहिली नाहीत, तर आसावर ताण येतो. रिमची भोकेही मोजावीत. ती बहुधा 36 असतात. हबची तितकीच हवीत. हबचा आकार बदलला की आरेही नव्या लांबीचे लागतात.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. या सायकलींत पेडल उलटे दाबले की हबच्या पोटातला ब्रेक लागतो. अनेक जुन्या क्रूझरना दुसरा ब्रेकच नसतो. त्या जागी साधा फ्रीव्हील हब बसवला, तर थांबण्याचे साधनच जाते. पेडलब्रेकच्या हबचा डावीकडचा दांडा चौकटीला पट्टीने घट्ट आवळलेला असावा; तो सुटला, तर ब्रेक लागत नाही. चेन उतरली तरी तेच होते. म्हणून पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक जरूर जोडावा.

तिसरा प्रश्न भूमीचा. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात 1976 पासून काही तरुण अशाच जुन्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळीत. सुमारे 400 मीटरच्या त्या उतारावर हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. डोंगरावर धुमसणारा तोच हब सपाट किनाऱ्यावर निवांत चालतो.

तरीही दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि 18-20 किलोंची सायकल त्याच्याविरुद्ध रेटताना गुडघे बोलू लागतात. अशा वेळी तीन गिअरचा हब उपकारक ठरतो. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे 1902 साली सुरू झालेल्या स्टर्मी-आर्चरच्या प्रचलित हबमध्ये पहिला गिअर मधल्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने हलका असतो. सारे दातेचक्र आत बंदिस्त असल्याने वाळूचाही उपद्रव कमी. पेडलब्रेकसह तीन गिअर देणारे हबही मिळतात; चिमट्यात बसत असेल, तर साठीपुढच्या स्वारासाठी तोच निवडावा.

बैठक अशी ठेवावी की पेडल तळाशी असता गुडघा किंचित वाकलेला राहील. पहिले चार दिवस वारा पडलेला असताना, सकाळीच निघावे. धक्क्यांपाशी गर्दी असते. तेथे उतरून चालावे, आणि परतण्यापुरते बळ पायांत राखून वळावे.