कुंडीतला वसंत

पंचांगाने वसंत ऋतू चैत्र-वैशाखाच्या नावे मांडून ठेवला असला, तरी मुलुंड-बोरिवलीसारख्या उपनगरांत, जेथे चैत्रातच इमारतींच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या राहतात, कंदवर्गीय फुलझाडे त्या नोंदीला जुमानीत नाहीत. त्यांचा वसंत मृगाच्या आगेमागे उगवतो, आणि गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये ज्याने कंद लावले आहेत, त्याला आपले कालमान त्यांच्या कालमानाशी जुळवून घ्यावेच लागते.

परक्या वसंताचा मोह मात्र सहजासहजी सुटत नाही. ट्युलिपच्या कंदात कळीची सिद्धता आधीच झालेली असते. परंतु तिचा देठ वर येण्यासाठी १२ ते १६ आठवडे सुमारे ९ अंशांच्या आतला गारवा लागतो, आणि मुंबईची पौषातली पहाटही सरासरीने १६-१७ अंशांवरच थांबते. तेव्हा हौशी मंडळी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, त्या कंदांना हिवाळा भोगायला लावतात. तेथेही शेजारी सफरचंदे ठेवली, तर त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी करपते. इतक्या खटाटोपाअंती थोडे दिवस फूल दिसते आणि कंद बहुधा कायमचा खर्ची पडतो. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली खुल्या झालेल्या उद्यानात हीच फुले लाखांनी उमलतात, कारण तेथील हिवाळा उसना आणलेला नसतो.

आपल्याकडे कंदाला निजवण्याचे काम थंडी नव्हे, तर कोरडेपणा करतो. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात कळलावी ऐन उन्हाळा जमिनीखाली काढून पावसासरशी वर येते. आणि मूळची आफ्रिकेची असलेली, आपल्या बागांत मे फ्लॉवर म्हणून रुळलेली फुटबॉल लिलीही याच कायद्याची रयत आहे. तिची पाने पिवळी पडू लागली की पाणी क्रमाक्रमाने तहकूब करावे, आणि कुंडी वळचणीला सरकवून तिची निद्रा निर्वेध पार पडू द्यावी. कुंडीचा खरा उपयोग येथेच आहे: जमिनीतल्या ओलीवर आपला अंमल चालत नाही, कुंडीतल्या ओलीवर चालतो.

मात्र हा अंमल न करण्याचा आहे, आणि तोच सर्वांत अवघड. "अहो, तुमची कुंडी पार सुकली होती हो, मी घातलं तांब्याभर पाणी," असे शेजारच्या आजी निर्मळ कळवळ्याने सांगतात, तेव्हा रागावणेही शक्य नसते. निजलेला कंद पाण्याच्या अभावाने क्वचितच मरतो, अवेळी मिळालेल्या पाण्याने मात्र कुजतो. ज्यांनी त्याला असे निवांत राहू दिले, त्यांच्या कुंडीत वैशाखाच्या भर उन्हात एके दिवशी भेगाळलेली माती किंचित उचलली जाते, तिच्यातून ठिपक्याठिपक्यांचा जाड कोंब डोके काढतो, आणि आठवड्याभरात त्या कोंबाच्या टोकाशी शेकडो बारीक तांबड्या फुलांचा एकच गोल, प्रत्येक केसरावर पिवळ्या परागांचा ठिपका घेऊन, उभा राहतो. फुलाचा संपूर्ण ऐवज मागल्या पावसाळ्यात पानांनी कमावलेला असतो. म्हणून फूल ओसरल्यावर जी पाने फुटतात, ती पुढील सालच्या फुलाची बेगमी समजून जपावी लागतात.

नगरजीवनात रिकाम्या जागेचा आणि स्वस्थ बसलेल्या जिवाचा संशय फार. पावसाळ्यापूर्वी सोसायटीचे चिटणीस गच्चीची पाहणी करतात आणि नुसत्या मातीच्या कुंड्या हलवण्याची नोटीस फळ्यावर लावतात. त्यांच्या दृष्टीने तेथे काही चाललेलेच नसते. अशा वेळी तक्रारीची भाषा न करता त्यांना कुंडीपाशी नेऊन, दोन आठवड्यांची मुदत मागून घेणे श्रेयस्कर. कंद लावणाऱ्याची कसोटी फूल आणण्यात नाही, फूल आपल्या वेळी येतेच. रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीचे वकीलपत्र घेण्यात ती आहे.