अठ्ठावीस दिवसांचा काउंटर

तर झालं असं की, नोकरीला रामराम ठोकून एक वर्ष मास्टर्स करायला इंग्लंडला जायचं ठरवलं. ऑफर लेटर आलं, पेढे वाटून झाले. मग कळलं, खरी परीक्षा बँक स्टेटमेंटची आहे!

नियम तसा सोपा. पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड. एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी खाली गेली, तरी काउंटर पुन्हा शून्यावर. इतकी वर्षं लूप लिहिले, स्वतः त्यात अडकायची ही पहिलीच वेळ.

माझे पैसे पुरेनात. बाबा म्हणाले, "माझ्या खात्यातले दाखव की." आईवडिलांचे चालतात, पण जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. निवृत्तीच्या पैशांच्या एफडीची मुदत संपली होती, ती त्यांनी पुन्हा गुंतवलीच नाही.

एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक अडीच हजारांनी कमी पडली. मी चिडलो, "बाबा, लक्ष नको का ठेवायला?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन पन्नास हजार जास्तीचे भरून आले. पुन्हा एकपासून मोजणी.

त्यानंतर महिनाभर त्यांनी खात्याला हात लावला नाही. दाढ दुखत होती, तीही पुढे ढकलली. हे आईकडून नंतर कळलं.

असो. व्हिसा आला. बॅग भरताना ते स्टेटमेंट पुन्हा पाहिलं. २८ दिवस, एकही व्यवहार नाही.

बाबांना सॉरी म्हणायचं अजून राहिलंय.