‘यायला नको’चं इंग्रजी

जुलैचा पाऊस कोसळत होता. डोंबिवलीच्या आमच्या मराठी शाळेत सातवीच्या वर्गावर मी फळ्यावर वाक्य लिहिलं : ‘उद्या शाळेत यायला नको.’ आदल्याच आठवड्यात पालकांच्या मोबाइलवर हाच निरोप गेला होता. म्हटलं, आता इंग्रजीत सांगा. पुढच्या बाकावरचा मुलगा लगेच उभा राहिला, ‘यू मस्ट नॉट कम टू स्कूल टुमॉरो.’

वाक्यरचना बिनचूक, पण निरोप बदलला. आपण सांगत होतो की येण्याची सक्ती नाही, आणि त्याने बजावलं की खबरदार, येऊ नकोस. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ हे त्याला सुचलंच नाही, कारण ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ असं आम्हीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. मग मस्टला नॉट जोडला की ‘नको’ तयार, हा त्याचा हिशेब. चूक त्याची नव्हती, माझी होती. कितीतरी वर्षं मी तसंच शिकवत आले होते.

आपल्या मराठीत ही गंमत मोठी आहे. आई म्हणते, ‘उद्या शाळेत जायचं नाही, मामाकडे जायचंय,’ तेव्हा पोर नाचतं. तीच आई म्हणते, ‘रुळांवरून जायचं नाही,’ तेव्हा पोर मान खाली घालतं. शब्द तेच, सुट्टी की मनाई ते आवाजावरून कळतं. इंग्रजीत हा फरक शब्दांतच करावा लागतो, आणि मुलं अडखळतात ती नेमकी इथे.

म्हणून आता मी अर्थ सांगत नाही. प्रश्न विचारते : हे कोण सांगतंय? आणि ऐकलं नाही तर काय होईल? आमच्या मुलांना उदाहरणं लांबून आणावी लागत नाहीत. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून आपला हा सगळा पट्टाच रुळांच्या कडेने वाढला. मुलांना स्टेशनवरच्या पाट्या पाठ असतात. रूळ ओलांडू नका, हे कोण सांगतं? कायदा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४७ वं कलम सांगतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्ग गप्प होतो. म्हणजे इथे मस्ट नॉट. आजी म्हणते, गर्दीच्या गाडीत चढू नये गं, पुढची पकडावी. ऐकलं नाही तर कोणी पकडून नेणार नाही, आजी काळजी करत बसेल. इथे शुड. ‘पकडावी’, ‘जावं’, ‘चढू नये’ अशी विध्यर्थाची रूपं मुलं घरात रोज ऐकतात. शुड शिकवायला याहून चांगली शिदोरी नाही. ती बाजूला ठेवून इंग्रजी तासाला मराठी उच्चारूही नका असं सांगणं मला तरी पटत नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. मुलं इंग्रजी लवकर शिकू लागली, ते चांगलंच झालं. पण पहिलीत येणारं मूल पाच-सहा वर्षांची मराठी बरोबर घेऊन येतं, ती वर्गाबाहेर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही.

‘हॅव टू’ मला एका विद्यार्थिनीने शिकवलं. तिची आई फुलं विकते. वहीत वाक्य होतं, ‘माय मदर मस्ट वेक अप ॲट थ्री.’ मी बरोबरची खूण करणार होते, पण सवयीने विचारलं, ‘आईला कोण सांगतं तीनला उठायला?’ ती म्हणाली, ‘कोणी नाही सांगत, बाई. कल्याणच्या फुलबाजारात जायचं तर उठावं लागतं.’ लागतं! तिने माझं काम करून टाकलं होतं. सांगणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असेल तर मस्ट, म्हणजे ‘उठलंच पाहिजे’. परिस्थितीच उठवत असेल तर हॅव टू, ‘उठावं लागतं’. बोलताना इंग्रज माणूसही हे दोन्ही सरमिसळ वापरतो, पण सुरुवातीला ही खूणगाठ कामी येते. शिवाय मस्टला भूतकाळाचं वेगळं रूप नाही. ‘काल उठावं लागलं’ म्हटलं की ‘हॅड टू’ आपोआप हाती येतं. अडचण उरते ती कर्त्याची. मराठीत ‘मला’ उठावं लागतं, इंग्रजीत ‘आय’. ‘मी (me) हॅव टू’ असं लिहिलेल्या वह्या मी अजूनही तपासते.

या ‘लागणे’चा मी पुढे शोध घेतला आणि चकित झाले. इंग्रजीतला ‘ऑट’ हा ‘ओ’ या क्रियापदाचंच जुनं रूप. ओ म्हणजे देणं लागणे. शुड ज्यातून आला त्या शॅलचा जुना अर्थही ऋणी असणे. आणि आपण काय म्हणतो? ‘मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो.’ दोन्ही भाषांत कर्तव्य आणि कर्ज शेजारीशेजारीच राहतात. हे मी दहावीच्या मुलांना सांगते, तेव्हा मागच्या बाकांवरच्यांच्याही माना वर होतात.

आमच्या वर्गात आणखी एक गाठ पडते, हिंदीची. हिंदीतलं ‘जाना चाहिए’ बहुधा सल्ला असतो. आपलं ‘जायला पाहिजे’ सल्लाही असतो आणि सक्तीही. घरी हिंदी, शाळेत मराठी अशा मुलाला मस्ट आणि शुडमधला फरक कधीकधी चटकन कळतो, कारण त्याच्याकडे ‘चाहिए’ आणि ‘पडेगा’ हे दोन खण आधीच वेगळे असतात.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नातेवाइकांना फराळाचं आमंत्रण लिहायला सांगितलं होतं. फुलवाल्या बाईंच्या मुलीने बदलापूरच्या मावशीला लिहिलं : ‘माय मदर हॅज टू सेल फ्लॉवर्स टिल लक्ष्मीपूजन. यू मस्ट कम ऑन भाऊबीज फॉर फराळ. यू डोन्ट हॅव टू ब्रिंग एनीथिंग.’ आईला फुलं विकावी लागतात, मावशीने यायचंच, आणि येताना काही आणायला नको. फराळाचं स्पेलिंग तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं.