चालत्या फळीवर

लाँगबोर्ड हें नांव विद्यार्थ्यांस ठाऊक असलें, तरी त्यांच्या मातापितरांपैकीं पुष्कळांस तें नवें वाटेल. साडेतीन ते चार फूट लांबीची एक फळी, तिच्याखालीं दोन आंस व चार मऊ चाकें, एवढाच हा सरंजाम. फळी चालत असतांना तिच्यावर पुढें-मागें पाउलें टाकीत जावयाचें, यास लाँगबोर्ड-नृत्य म्हणतात. समुद्राच्या लाटांवर खेळणारे लोक लांब फळीच्या टोंकापर्यंत असेच पायावरून पाय ओलांडीत जात. कॅलिफोर्नियांत १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत ही फळ्यांची हौस समुद्रावरून रस्त्यावर आली. आतां तिच्या आखूड भावंडास, म्हणजे स्केटबोर्डास, मोठा मान मिळाला आहे. २०२१ सालीं टोकियोस भरलेल्या ऑलिंपिकांत त्याचा प्रथम समावेश झाला, आणि २०२२ सालीं गुजरातेंतील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनें त्यांत सुवर्णपदक मिळविलें.

आमची आकांक्षा पदकाची नव्हती. लहानपणीं सायकलीवरून पडून मनगट मोडल्यापासून चालत्या वस्तूवर उभें राहण्याचें भय आमच्या मनांत घर करून बसलें होतें. बस पुरती थांबल्यावांचून आम्ही आसन सोडीत नसूं. चाळिशी उलटल्यावर हें ओझें किती दिवस वाहावयाचें, असें वाटून गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत वाघोलीस आम्हीं ही विद्या आरंभिली. नगर रस्त्यावरील रहदारींत अशा खेळाचें नांवही काढूं नये. परंतु आमच्या वसाहतीच्या आवारांतील सिमेंटचा रस्ता पहांटे मोकळा असतो. गुरु लाभली ती शेजारचीच एक नववींतील विद्यार्थिनी. तिची आई बाकावर बसून पाहत असे. हंसूं आवरण्याची तिची खटपट आमच्या ध्यानांत येई.

पहिले आठ दिवस फळी हिरवळीवर ठेवलेली होती. तेथें चाकें फिरत नाहींत. मागचा पाय पुढच्यावरून ओलांडून टेकावयाचा, मग अडकलेला पाय सोडवून आणखी पुढें न्यावयाचा. चार दिवसांत हें सहज जमूं लागलें. सिमेंटवर येतांच मात्र पाय सारें विसरले!

याचें कारण यंत्राच्या रचनेंत आहे. फळी ज्या बाजूस कलते, त्या बाजूस तिचे आंस वळतात. म्हणून पाऊल मध्यरेषेवरच पडलें पाहिजे. भ्यालेला मनुष्य पायांकडे पाहतो, मान वांकते, भार बोटांवर येतो, आणि फळी कुंपणाकडे निघते. "सर, त्या गुलमोहोराकडे पाहा, आणि गुडघे वांकवा," असें ती शंभरदां म्हणाली असेल. भय आणखी एक सल्ला देतें, तो म्हणजे अगदीं हळू जाण्याचा. पण रेंगाळणारें चाक बारीकशा खड्यासही अडतें. तेंच जरा वेगांत असलें म्हणजे तो ओलांडून जातें.

तथापि आमचें भय ज्या गोष्टीनें ओसरूं लागलें, ती निराळीच होती. एके दिवशीं आमच्या गुरूनें पाउलांचा पाठ बाजूस ठेवून केवळ उतरण्याचा अभ्यास करविला. चालत्या फळीवरून पुढें उतरून दोन-चार पाउलें धांवावयाचें. असें एका सकाळीं पंचवीस वेळां. "भिऊं नका" हे शब्द तिनें एकदांही उच्चारले नाहींत. वर्गांत आम्ही ते दिवसांतून किती वेळां उच्चारतों! फळ्यापाशीं येऊन चुकलेल्या मुलास तेथून मानानें जागेवर परत कसें जावें, हें मात्र आम्हीं कोणास शिकविल्याचें स्मरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाय आपोआप ओलांडला गेला. चाकांची घरघर चालू होती, आणि आमचें लक्ष गुलमोहोरावर होतें.

डोक्यावर शिरस्त्राण, मनगटांस व गुडघ्यांस संरक्षक पट्टे, हें सर्व आम्ही अद्याप बांधतों, विद्यार्थ्यांनींही बांधावें. हल्लीं तीन पाउलें पुढें जातात. चौथ्यास आम्ही उतरतों. मागें येणारीं पाउलें दिवाळीच्या सुटींत घ्यावयाचीं ठरलें आहे, सहामाही परीक्षेंत गुरूला गणितांत बरे गुण मिळाले तर. ही अट तिच्या आईची आहे.