बिलात माती लिहिताना

बागेचं बिल लिहिणं हे बाग लावण्याइतकंच मन लावून करायचं काम आहे, असं मी मानते. सुताराने दिलेलं कपाट वर्षानेही तेवढंच उंच, तेवढंच रुंद असतं. वाद झालाच तर टेप लावून मोजता येतं. बाग मात्र ताब्यात दिली त्या दिवसापासून बदलायला लागते. गुडघ्याएवढं लावलेलं ड्युरांटाचं कुंपण दोन पावसाळ्यांत कमरेच्या वर जातं, लॉनचे सांधे बुजतात, मातीची पातळी खाली बसते. त्या दिवशी तिथे नेमकं काय होतं, किती होतं, हे सांगणारा एकच कागद उरतो, आणि तो म्हणजे आमचं बिल.

मी पुण्यात लँडस्केपिंगची कामं घेते. बंगल्यांच्या बागा, हाउसिंग सोसायट्या, मधूनच एखाद्या कारखान्याचं आवार. आमच्या धंद्यात अजूनही पुष्कळ बिलं एका ओळीची असतात: ‘गार्डनचे काम, एकरकमी’, आणि पुढे आकडा. गिऱ्हाइकाला ते सोपं वाटतं, ठेकेदारालाही सोयीचं पडतं. मला ही पद्धत मुळीच पटत नाही. बागेत डोळ्यांना दिसतात ती झाडं आणि हिरवळ. पैसा गेलेला असतो जमिनीखाली. एका ओळीच्या बिलात हा खालचा सगळा भाग गडप होतो. मग गिऱ्हाईक रोपवाटिकेत जाऊन रोपाची किंमत विचारून येतं आणि त्याला वाटतं, आपल्याला फसवलं. त्या माणसाचा दोष नाही. कशाचे पैसे दिले ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवात राडारोड्यापासून होते. इमारत पुरी झाली की बागेसाठी जी जागा हातात येते तिच्यावर चार बोटं माती पसरलेली असते. कुदळ मारली की खाली विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, पावसात भिजून घट्ट झालेले सिमेंटचे गोळे. हे तसंच ठेवून वर लॉन अंथरली तर पहिले दोन-तीन महिने काही कळत नाही. मग पानं पिवळी पडायला लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सिमेंट आणि चुना मातीचा सामू वाढवतात, आणि अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. म्हणून राडारोडा खणून, भरून, बाहेर टाकण्याची बाब मी बिलात सर्वांत वर लिहिते, ब्रासमध्ये मोजून. काढायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो सोबत जोडते.

त्यानंतर माती. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १००० चौरस फुटांच्या लॉनखाली सहा इंच लाल माती हवी असेल तर हिशेबाने ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास. पण ट्रकमधून आलेली माती सैल असते. पसरली, पाणी मारलं, रोलर फिरवला की ती खाली बसते. ५ ब्रासच मागवली तर सहा इंचांचा थर भरत नाही; जास्तीची लागतेच. आता मोजायची कुठे, गाडीवर की जागेवर? भांडणं होतात ती इथे. गाडीवर मोजायची तर टेप धरून हौद्याची लांबी, रुंदी आणि मातीची उंची घ्यायची. त्याआधी मधोमध डोंगरासारखा रचलेला ढीग फावड्याने ओढून सपाट करायचा, कारण तो तसाच ठेवून उंची मोजली की आकडा फुगतो. आमचे मुकादम हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. फाळका पडायच्या आत ते वर चढतात, चारही कोपऱ्यांत सळई खुपसून खोली बघतात आणि मला खाली ओरडून आकडे सांगतात. मी ते चलनावर लिहिते आणि वॉचमनची सही घेते. बिलात दोन्ही मापं येतात: गाडीवर मोजून इतके ब्रास, आणि पाणी मारून दाबल्यावर सरासरी थर इतके इंच. शंका आलीच तर कुणीही खुरप्याने उकरून थर पाहावा. मापं अशी लिहिली की मातीवरून वाद उरत नाही.

मातीबरोबर नागरमोथा येतो. आपण ज्याला लव्हाळा म्हणतो तोच. जमिनीखाली त्याच्या गाठी असतात, एकीतून दुसरी अशी माळच. वरची पात उपटली तर गाठ मागे राहते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. लॉनमध्ये नागरमोथा दिसला की पहिला फोन येतो तो ‘तुमच्याच मातीतून आला’ असा, आणि बऱ्याचदा ते खरं असतं. यावर मला सापडलेला उपाय असा: माती चाळणं आणि गाठी वेचणं ही स्वतंत्र बाब लिहायची, तिचा दर लावायचा, आणि खाली स्पष्ट लिहायचं की वेचूनही काही गाठी राहतात, पहिल्या पावसाळ्यातली खुरपणी याच दरात धरली आहे. हे अंदाजपत्रकातच वाचलेलं असलं की जुलैमध्ये लव्हाळा दिसल्यावर गिऱ्हाईक चिडत नाही, ‘ताई, खुरपणीला कधी पाठवताय?’ एवढंच विचारतं.

खड्ड्याचंही तसंच. पुण्यात टेकडीच्या बाजूला वीतभर मातीखाली मुरूम लागतो, कुठे कुठे काळा पाषाण. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल म्हणजे २७ घनफुटांचा खड्डा. कठीण मुरमात असा एक खड्डा पहारीने काढायला माणसाचा जवळजवळ दिवस जातो. त्यात शेणखत, निंबोळी पेंड आणि चांगली माती भरायची. या सगळ्याचा खर्च पुष्कळदा त्यात लावलेल्या रोपाहून जास्त होतो. म्हणून ‘बहावा, १ नग’ असं मी लिहीत नाही. खड्डा वेगळा, भरणी वेगळी, रोप वेगळं, बांबूचा आधार आणि सुतळी वेगळी. रोपाच्या ओळीत नुसतं नाव पुरत नाही. पिशवीचं माप आणि उंची हवीच. १२ बाय १२ इंचांच्या पिशवीतला सोनचाफा आणि २१ बाय २१ च्या पिशवीतला सोनचाफा यांत काही वर्षांचं अंतर असतं, आणि ती वर्षं कुणीतरी उरुळी कांचनला किंवा आंध्रात कडियमला ते रोप सांभाळण्यात घालवलेली असतात. रोपाची किंमत बहुतांशी या सांभाळण्याचीच असते.

जादा काम हा या धंद्यातला जुना दुखरा भाग. काम चालू असताना घरातलं कुणीतरी बाहेर येतं, कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणतं, ‘तिथे एक पारिजातक पण लावा ना.’ माळी लावतो. शेवटी बिलात तो दिसला की भुवया वर जातात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ‘केपेबिलिटी’ म्हणून ओळखला जाणारा लॅन्सलॉट ब्राउन मोठमोठ्या जहागिरींच्या बागा आखत असे. १७६४ साली तो राजाचा मुख्य माळी झाला. त्याची हिशेबवही लंडनला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या लिंडली ग्रंथालयात आहे. सफोकमधल्या ब्रँचेस नावाच्या इस्टेटीच्या खात्यात त्या वहीत अशी नोंद आहे, की जादा कामाचे पैसे मिळेनात तेव्हा ब्राउनने मालकाच्या तोंडावर हिशेब फाडला आणि मनात होतं ते सुनावलं. मला ही नोंद फार जवळची वाटते. एवढ्या नामांकित माणसाचंही अडलं ते ‘एक्स्ट्रा’वरच. माझा नियम साधा आहे. कुणी तोंडी काही सांगितलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बाब, नग आणि दर लिहून पाठवायचा. होकार आल्याशिवाय खड्डा खणायचा नाही. मुकादमांनाही हे पाठ आहे. समोर कितीही मोठा माणूस असो, ते नम्रपणे म्हणतात, ‘साहेब, ताईंना एक मेसेज टाका.’

कराचा भाग थोडक्यात. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, आमच्या कामावर १८ टक्के आहे. त्यामुळे ‘सगळं झाडांच्या नावावर टाका’ असा आग्रह नेहमी होतो. नुसती रोपं विकली तर करमुक्त मालाचं ‘बिल ऑफ सप्लाय’ देता येतं. पण जमीन तयार करून, रोपं लावून बाग उभी करून देण्याचा एकच करार असेल तर ती एकत्रित सेवा ठरते आणि मुख्य कामाचा दर सगळ्या रकमेला लागतो. त्यात पळवाट शोधायची नाही हे मी पहिल्या भेटीतच सांगते आणि अंदाजपत्रकात कर वेगळा दाखवूनच एकूण रक्कम देते. बिलातही तो वेगळ्या ओळीत हवा, कारण सोसायटी किंवा कंपनी टीडीएस कापते तेव्हा कर वेगळा दाखवलेला असेल तर कपात मूळ रकमेवरच करायची, असं प्रत्यक्ष कर मंडळाच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. बिल क्रमांक सलग हवा, १६ अक्षरांच्या आत हवा. एवढं सांभाळलं की सीएचा फोन येत नाही.

सोसायटीचं बिल मात्र वेगळ्या वळणाने जातं. तिथे वाचणारा एक नसतो. सेक्रेटरी बघतात, खजिनदार बघतात, कमिटीच्या बैठकीत ते मंजूर होतं, चेकवर दोन सह्या होतात, आणि वर्षाअखेरीला लेखापरीक्षक पुन्हा उघडतो. यातल्या निम्म्या लोकांनी बागेत पाऊल टाकलेलं नसतं. म्हणून बिल असं हवं की जागा न बघितलेल्या माणसालाही काम दिसावं. महिन्याच्या देखभालीचं बिल मी कधीच नुसतं ‘मेंटेनन्स’ म्हणून पाठवत नाही. कोणत्या आठवड्यात लॉन कापली, कुठल्या वाफ्याला शेणखत दिलं, कोणत्या झाडावर निंबोळी अर्क फवारला, माळी कोणत्या तारखांना आला नाही आणि बदली कोण आला, हे सगळं अर्ध्या पानात मावतं.

पावसाळ्यात ठरलेला प्रश्न येतो. ‘आता पाणी घालावं लागत नाही, मग बिल कमी करा.’ विचारणारे काका-काकू मनापासून विचारतात, आणि उत्तर त्यांना बिलातच मिळायला हवं. पाणी घालायचं काम थांबतं हे खरं. पण जी लॉन थंडीत पंधरा-वीस दिवसांनी कापली तरी चालते, ती जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला मागे लागते. तण हाताने काढावं लागतं, पाणी साचलेल्या जागी चर काढावे लागतात, वाऱ्याने कललेली झाडं पुन्हा बांधावी लागतात. एका सोसायटीच्या खजिनदार काकूंनी चार महिन्यांची अशी बिलं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि पुढच्या बैठकीत सभासदांना त्यांनी स्वतःच हे समजावलं. मला तिथे बोलावंच लागलं नाही.

जुन्या बिलांचा उपयोग भलत्याच वेळी होतो. एक बंगला विकला गेला. नव्या मालकांना ड्रेनेजची पाइप बदलायची होती आणि प्लंबर बहाव्याच्या मुळाशीच खणायला निघाला होता. आधीच्या मालकांनी दिलेल्या फाइलमध्ये आमचं बिल होतं. त्यात बहाव्याच्या ओळीपुढे लिहिलं होतं: कुंपणापासून सहा फूट, पाइप पूर्वेला चार फुटांवर. त्यांनी फोन करून खात्री केली आणि खोदाई पूर्वेकडून झाली. तेव्हापासून मी मोठ्या झाडांच्या ओळीत अंतरं कधी चुकवत नाही.

राहिली मजुरी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अंदाजपत्रकांच्या नमुन्यात दोन ओळी असतात: बिगारी पुरुष, बिगारी स्त्री. दुसरीचा दर कमी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, तरी हा नमुना कागदावरून कागदावर उतरत राहिला. बागेत खुरपणी, गाठी वेचणं, लॉनचे तुकडे सांध्याला सांधा लावून बसवणं, ही सगळी नजरेची आणि बोटांची कामं आमच्याकडे बायकाच करतात. नागरमोथ्याची गाठ मुळासकट वर काढणं हे पहार मारण्यापेक्षा हलकं काम आहे, हे मला कुणी सांगू नये. मी ते उन्हात बसून केलेलं आहे. माझ्या बिलात आता कामाचं नाव असतं, त्याला किती दिवस लागले ते असतं आणि दर एकच असतो. एका मोठ्या आवाराच्या निविदेत खरेदी विभागाच्या साहेबांनी तेवढ्या एका ओळीवर बोट ठेवलं: ‘बाजारात बाईची हजेरी कमी आहे, तुम्ही जास्त लावली आहे.’ मी त्यांना एका दिवसात एक बाई किती चौरस फूट लॉन लव्हाळ्यापासून साफ करते त्याची आमच्या हजेरीवहीतली नोंद दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, आणि काम दुसऱ्याला दिलं. यंदा त्याच आवाराची निविदा पुन्हा निघाली आहे. मी ती भरली आहे, त्याच ओळीसकट, आणि या वेळी हजेरीवहीची ती पानंही जोडली आहेत.